शांभवीचं ऑफिस

सकाळी शेजारच्या खोलीतून टेबल ओढल्याचा आवाज आला आणि शांभवीनं ब्रश थांबवून कान दिला. त्या खोलीत ओढण्याजोगं टेबल एकच होतं. दात घासायचे अर्धवट टाकून, तोंडात फेस तसाच धरून ती दारापर्यंत गेली. अप्पांनी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं होतं. अव्वानं, तिच्या आईनं, कधीकाळी हौसेनं मोर भरलेलं ते कापड नीट घडी होऊन पलंगावर पडलं होतं, आणि पंचाहत्तरीला टेकलेले तिचे वडील, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात उभा जन्म शेतकऱ्यांचा गूळ सौद्याला लावून विकून देणारे रुद्राप्पा, धोतराचा सोगा कमरेला खोचून टेबलाखाली रांगत होते. वरून नुसती पाठ दिसत होती. तिनं कसाबसा फेस गिळला आणि विचारलं, "अप्पा, काय चाललंय?"

"तुजं आफिस मांडतोय," टेबलाखालून उत्तर आलं. "त्यो लॅपटाप दुरुस्त हुईल तवा हुईल. किती दिस त्या मोबाईलात डोळं घालून बसणार तू? घरात एवढा मोठ्ठा काम्प्युटर पडून हाय. सयाजीला सांगितलंय, दुपारी यील आणि नेट जोडून दील." मग जरा थांबून, कौतुक लपवत, "तुज्या सायबाला तरी वाटाय पायजे, पोरगी अडून बसली न्हाय म्हनून."

लॅपटॉप दुरुस्त होऊन येणार नव्हता, कारण तो बिघडलेलाच नव्हता. तो कंपनीचा होता आणि कंपनीनं परत मागवून घेतला होता, आणि साहेब नव्हता, आणि नोकरी तर दिवाळीनंतरच गेली होती. जिचं काम ती इथून घरूनच करत होती त्या पुण्याच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तीही कमी झाली, एवढीच गोष्ट. अशी माणसं रोज कमी होतात, पेपरात येतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे, असं तिनं स्वतःला कितीदा तरी समजावलं होतं. ज्या बाईनं कॉलवर तिला ते सांगितलं, तिच्या मागच्या भिंतीवर एक झाडाची कुंडी टांगलेली होती. शांभवी सगळा वेळ त्या कुंडीकडे बघत होती, आणि बाईचं बोलणं संपल्यावर तिच्या तोंडून निघालं होतं, थँक यू. नोकरी गेल्याचं दुःख एका बाजूला, पण ते थँक यू तिला अजून रात्री झोपेतून उठवत असे. पुढं कुरियरवाला दारात आला तेव्हा अव्वानं त्याला पाणी दिलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि विचारलं, ह्यो खोका कसला गं? दुरुस्तीला चाललाय, शांभवी म्हणाली. खोटं असं ठरवून बोललीच नव्हती ती. जिभेवर आयतं आलं आणि बाहेर पडलं, आणि एकदा पडल्यावर त्याला रोज खायला घालणं आलं. ती रोज दहाच्या सुमाराला दार लावून बसे, कानात वायरी घाली आणि मधूनमधून, बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं, येस, शुअर, विल डू, असलं काहीबाही भिंतीला सांगे. चोराच्या मनात चांदणं; अव्वानं नुसतं दार ढकलून चहा आणला तरी ती घाईनं मोबाइल पालथा घाली.

सांगून टाकायला काय हरकत होती? हा प्रश्न तिला पडत नव्हता असं नाही. पण या घरात तिची नोकरी ही तिची एकटीची राहिलीच नव्हती. गडहिंग्लजचे सोमशेखर काका, अप्पांचे धाकटे भाऊ, दर दोन महिन्यांनी एखादं स्थळ घेऊन टपकत. आपल्यातलंच आहे, घरंदाज आहे, दुकान आहे, मुलगा जरा वयानं मोठा आहे पण स्वभावानं गाय आहे. ती तिशी ओलांडून पुढं सरकत गेली तसतशी काकांच्या स्थळांची वयं वाढत गेली आणि आवाजातली दया वाढत गेली. आणि दर वेळी अप्पा पानाचा विडा गालात सरकवून एकच वाक्य बोलत, "पोरगी नोकरी करतीया. तिच्या मनात यील तवा बघू." त्या वाक्यापुढं काका गप्प होत. एकदा एका बारशात, सगळ्या भाऊबंदांच्या देखत, काका म्हणाले होते की पोरीच्या जिवावर बसून खायला बरं वाटतंय दादाला. अप्पा जेवणाच्या पानावरून उठले होते. अन्न म्हणजे प्रसाद मानणाऱ्या लिंगायताच्या घरात वाढलेल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे शांभवीला कुणी सांगायला नको होतं. मुलीच्या नोकरीसाठी त्या माणसानं अन्नाकडं पाठ केली होती, आणि ती नोकरी आता नव्हती. उद्या काकांना कळलं असतं तर काका काही वाईट बोललेही नसते. नुसते हसले असते. त्या हसण्यापर्यंत अप्पांना घेऊन जायचं तिला धाडस नव्हतं, म्हणून ती दाराआड बसून भिंतीशी इंग्रजी बोलत होती.

दुपारपर्यंत अप्पांनी कॉम्प्युटर ओल्या फडक्यानं पुसला, कोरड्या फडक्यानं पुसला, पाठीमागच्या फटींत कुंचा फिरवला. तो केवढा तरी अवजड, पाठीला पोक आलेला पडदा. ते पिवळट पडलेलं, तोंडात फ्लॉपीची फट असलेलं खोकं. ती अकरावीला गेली त्या वर्षी अप्पांनी तो टेम्पोतून आणला तेव्हा गल्लीतली माणसं बघायला आली होती. पहिले काही महिने टेलिफोनच्या तारेतून त्यावर इंटरनेटही येत असे. आधी कर्कश किरकिर होई, मग एखादं चित्र वरून खाली पापड वाळावा तितक्या सावकाश उतरे. पण तेवढ्या वेळात घरचा फोन बंद राही, आणि नेमकं तेव्हाच सांगलीचा व्यापारी भाव विचारायला फोन लावून लावून कंटाळे. एका हंगामात असा एक मोठा सौदा अप्पांच्या हातचा गेला. अप्पांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून ती जोडणी काढून टाकली आणि तिला म्हणाले, तुला पायजे तर कालेजात बघ जा. तिला तेव्हा फार राग आला होता. मैत्रिणींना सांगायचं काय, घरात कॉम्प्युटर आहे पण तो कुठंच जात नाही? तेव्हा वडिलांची लाज वाटली होती. आता त्याच वडिलांना त्याच यंत्रापुढं गुडघे टेकलेलं बघून स्वतःची वाटत होती, आणि ही लाज त्या लाजेहून कितीतरी जड होती. ती तेव्हाची निदान दुसऱ्या कुणावर तरी ढकलता येत होती.

सयाजी आला तो अर्ध्या गल्लीला कळवतच आला. कळंब्याचा माणूस, पन्नाशीचा, आधी केबल टीव्हीच्या तारा ओढायचा, आता इंटरनेटच्या ओढतो. "या पावणं," अप्पांनी स्वागत केलं. मागोमाग शेजारच्या शालूबाई आल्या. दोन म्हशी आणि एक बिनकामाचा मुलगा पदरी असलेल्या या बाईला कुणाच्या घरात काय चाललंय हे माहीत नसलं की जेवण पचत नसे. "मी म्हटलो, बगून तरी यावं," त्या पलंगाच्या कडेला टेकत म्हणाल्या, "आमच्या पृथ्वीराजला बी दाखवतो. घरबसल्या नोकरी म्हंजे कशी असती त्ये कळंल तरी त्याला." शांभवी हसली. आपला चेहरा हसतोय हे तिला गालांवरून कळत होतं. सयाजीनं मोबाइलचा उजेड मागच्या बाजूला पाडला, तार घालायला गेला आणि थांबला. "आयला! ह्यात काय भरलंय?" त्यानं एक टाचणी मागून घेतली आणि तार जिथं बसायची त्या चौकोनी भोकातून उकरायला सुरुवात केली. आधी पांढरी भुकटी आली, मग लाल, मग वाळून कोळसा झालेली झेंडूची पाकळी.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग अव्वानं पदर तोंडाला लावला. दर खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होई. वजनकाटा, विळी, अव्वाची शिलाई मशीन, आणि त्या रांगेत हा कॉम्प्युटरही. पडद्याचं तोंड खराब होऊ नये म्हणून अप्पा त्याला पाठीमागून पुजत. तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढायचे, कुंकू लावायचं आणि जिथं म्हणून भोक दिसेल तिथं फूल खोचायचं. बंद पडलेल्या, कुठंच न जाणाऱ्या त्या यंत्राची इतकी वर्षं बिनचूक पूजा झाली होती, आणि त्या पूजेनंच त्याची वाट बुजवली होती. सयाजी गदागदा हसला. "काका, मशिनीला देव केलाय की तुमी! देवाला कुटं नेट लागतंय?" शालूबाईही हसल्या. अप्पा हसले नाहीत. त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "माजीच चूक," ते म्हणाले, आणि शांभवीकडे न बघता, "तुज्या कामात माजाच खोडा." यार्डात शंभर माणसांत ज्याचा आवाज वेगळा ऐकू येई, तो माणूस हे अगदी खालच्या पट्टीत बोलला. कुठल्या कामात खोडा, अप्पा? शांभवीनं मनात दहा वेळा म्हटलं. तोंडानं ती म्हणाली, "असू द्या हो, निघतंय की ते." टाचणीला लागलेली विभूती अव्वानं जमिनीवर सांडू दिली नाही, तळहातावर झेलली आणि सवयीनं शांभवीच्या कपाळाला लावली.

तार बसली. मागं एक हिरवा ठिपका लुकलुकायला लागला, तेव्हा अप्पांनी हात जोडले. पण पडद्यावर काही उघडेना. जे पान मागावं ते म्हणे, तुमची तारीख तपासा. कोपऱ्यात बघावं तर कॉम्प्युटरच्या मते आज दोन हजार चार सालचा जानेवारी होता. "आतला सेल मेलाय," सयाजी म्हणाला, "वीज गेली की ह्यो परत तितंच जाऊन बसतोय." त्यानं खिशातून नाण्याएवढा सेल काढून घातला आणि तारीख पुढं ओढली. वर्षं भराभर उलटताना शांभवी बघत राहिली. तिचं कॉलेज गेलं, पुणं आलं, काचेची इमारत आली, पहिला पगार झाल्यावर अप्पांना घेतलेलं घड्याळ आलं, आणि मग दिवाळीनंतरचा तो महिना आला आणि सयाजीचं बोट त्यावरून न अडखळता पुढं गेलं. एवढं सोपं असतं तर. शेवटी एक पान उघडलं, कुठल्याशा गावच्या हवामानाचं, अर्धं उघडलं आणि अर्धं पांढरं राहिलं. "आलं आलं!" शालूबाई ओरडल्या. अप्पा पेढे आणायला म्हणून चपला घालून जिन्यावरून उतरलेदेखील.

तेवढ्यात सयाजी तिच्याकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, खरं सांगतो. ह्याच्यावर तुमच्या आफिसचं काय बी व्हायचं न्हाय. नेट हितवर आलंय, पन यंत्र लई म्हातारं. आताच्या साईटी ह्याला दारात उभं करत न्हाईत. काकास्नी मी सांगू काय?" शांभवीच्या अंगावरून जणू कुणी ओझं उचललं. हीच तर वाट होती! यंत्र जुनं, चालत नाही, कुणाचाच दोष नाही. उद्या पुण्याला जाते असं सांगता येईल, तिथं चार ठिकाणी विचारता येईल, काहीतरी मिळेल, खोट्याचं खरं होईल. ती हो म्हणणार होती. पण जिन्यातून अप्पांचा आवाज येत होता, कुणाला तरी ते सांगत होते, "जोडलं बगा! पोरीनं जाग्यावरून पुण्याचं काम सुरू केलं." आणि तिला त्यांचा मघाचा कानांपर्यंत लाल झालेला चेहरा आठवला. आता हे चालत नाही म्हटलं तर ते विभूतीलाच दोष देणार, स्वतःला देणार, जन्मभर. "नको," ती म्हणाली. "मला पुरतंय एवढं." सयाजीनं खांदे उडवले आणि हत्यारं गोळा केली. आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच, आणि तेही आपल्या पायांनी चालत जाऊन.

त्यानंतर घरात ऑफिस सुरू झालं. दहा वाजले की अप्पा दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. भाजीवाली ओरडली की हातानंच तिला पुढं जायला सांगत. शालूबाई आल्या की ओठांवर बोट. अव्वाच्या कुकरची शिटी व्हायच्या आत गॅस बंद होई आणि डाळ कच्ची राही. आत शांभवी त्या अर्ध्या पांढऱ्या पानापुढं बसलेली असे. सुरुवातीला ती मोबाइलवरून नोकऱ्यांसाठी अर्ज करी, पण लवकरच तिच्या ध्यानात आलं की नुसत्या शांततेचा बाहेर संशय येतो. अप्पांची खुर्ची अस्वस्थपणे करकरते. मग ती एक कोरी फाइल उघडून त्या जुन्या, जाड, खडखडणाऱ्या कीबोर्डवर बोटं बडवू लागली. जे सुचेल ते. ळळळळ. शांभवी रुद्राप्पा. डाळ कच्ची. मला लाज वाटते. मला लाज वाटते. खडखड ऐकू आली की बाहेरची करकर थांबे, म्हातारा सैलावून बसे, आणि ती अधिकच जोरानं बडवी. लाज ही गोष्ट मनात असते असं तिला आजवर वाटत होतं. ती अंगात असते. मानेत असते, जिभेच्या मुळाशी असते, दुपारच्या जेवणात वडील आपल्या ताटातला तुपाचा जास्तीचा चमचा डोक्याचं काम हाय तुजं म्हणत तिच्या भाकरीवर घालतात, त्या घासात असते. तो घास गिळताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

आणि मग एक दिवस सोमशेखर काका आले. न कळवता. बाहेरच्या खोलीत त्यांचा आवाज ऐकून तिनं कीबोर्ड सोडला आणि दाराकडं कान लावला. "पुण्यात लई माणसं काढत्यात म्हनं, दादा," काका म्हणत होते. "आमच्या साडूच्या पोराला बी काढलं. म्हनून म्हटलं, आपल्या शांभवीचं बरं हाय न्हवं? आनि एक स्थळ हाय निपाणीचं, म्हटलं कानावर घालावं." शालूबाईही तिथंच होत्या, त्यांचं च्च च्च ऐकू आलं. अप्पांचं ठरलेलं वाक्य आलं, पोरगी नोकरी करतीया. काका या वेळी गप्प बसले नाहीत. "करतीया व्हय? बरं बरं," ते म्हणाले. त्या बरं बरंमध्ये जे होतं ते दाराच्या फटीतून आत आलं. मग खुर्ची सरकली, दार उघडलं, अप्पा आत आले आणि त्यांनी दार पाठीमागं लोटून घेतलं.

त्यांनी डोक्याला रुमाल बांधला होता, कपाळावर ताजे पट्टे ओढले होते. हातात पुठ्ठ्याचा डबा होता आणि त्यात, नव्या फडक्यात गुंडाळलेली, गुळाची एक छोटी पिवळीधमक ढेप. ज्याच्या हातून आपल्या घराला अन्न मिळतं त्याच्याकडं हंगामाचा पहिला गूळ पोचवायचा, ही त्यांच्या घराची रीत. "तुज्या सायबाला धाडायचाय," ते म्हणाले, "पत्ता घाल ह्याच्यावर. आनि त्यो दिसतोय न्हवं ह्यात? मला एकदा त्येला रामराम घालू दे. सोम्या भाईर बसलाय. ऐकू दे त्येला बी." ते तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले, रुमाल नीट केला आणि पडद्याकडे बघू लागले. पडद्यावर, ओळीमागून ओळ, मला लाज वाटते असं लिहिलेलं होतं. चष्मा बाहेरच राहिल्यामुळं अप्पांना ते वाचता येत नव्हतं. ते नम्रपणे डोळे बारीक करून त्यात माणूस शोधत होते.

शांभवीला ते सोसवेना. वडिलांचं ते अदबीनं वाकणं, कुणीच नसलेल्या जागेपुढं. "अप्पा," ती म्हणाली, "सायेब न्हाय. कुनीच न्हाय ह्यात." पुण्यात गेल्यापासून सोडलेली घरची बोली, बाईनंही मी आलो, मी गेलो म्हणायची, तिच्या तोंडी आपोआप परतली होती. "नोकरी गेली, अप्पा. दिवाळी झाल्यावरच गेली. मी खोटं बोललो."

 डबा अप्पांच्या हातात तसाच होता. तिला वाटलं, आता ते ओरडतील, आणि ओरडले तर किती बरं होईल. ते पडद्याकडेच बघत राहिले, मग दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे.  "हळू बोल," ते एवढंच पुटपुटले. डबा त्यांनी टेबलावर ठेवला. मग दोन्ही हात जोडून ते पडद्यापुढं वाकले आणि बाहेरच्या खोलीत शेवटच्या माणसापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "नमस्कार, सायेब! मी शांभवीचा बाप. व्हय, व्हय, कोल्लापूरचा." त्यांनी रुमाल सावरला. "न्हाई, पोरीची काय बी तक्रार न्हाई... तुमीच सांबाळून घ्येताय तिला... गूळ धाडतोय, ग्वाड मानून घ्या." इतकं बोलून ते थांबले. पलीकडचा माणूस उत्तर द्यायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ मान हलवत थांबले. कपाळावरची विभूती घामानं ओली होऊन भुवईवर उतरली होती.  अप्पांनी जोडलेले हात न सोडता, नुसत्या डोळ्यांनी तिला खुणावलं, की आता तू बोल.

"येस, सर," शांभवी पडद्याला म्हणाली.